सामान्याचे सोंग : तान्हा पोळा, भारूड आणि फाशांच्या खेळातील साधी माणसे

मराठीत ‘सोंग’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. एका अर्थाने सोंग म्हणजे ढोंग, समोरच्याला फसवण्यासाठी घेतलेला आव. दुसऱ्या अर्थाने सोंग म्हणजे उत्सवात, कीर्तनात किंवा खेळात ठरावीक वेळेपुरते घेतलेले दुसऱ्याचे रूप, ज्यात फसवणूक नसते, कारण ते सोंग आहे हे घेणाऱ्याला आणि पाहणाऱ्याला सारखेच ठाऊक असते. या लेखाचा विषय दुसऱ्या अर्थाच्या सोंगाची एक शाखा हा आहे. राजा, देव, योद्धा अशी झगमगती सोंगे हाताशी असताना माणसे जेव्हा शेतकरी, गोंधळी, पाटलाचा गडी, उंदीर पकडणारा अशा साध्या माणसांची रूपे घेतात, तेव्हा ती का घेतात आणि त्यातून त्यांच्या हाती काय लागते, हा प्रश्न महाराष्ट्राच्या लोकपरंपरेला जितका लागू पडतो तितकाच गेल्या पन्नास वर्षांत जगभर पसरलेल्या एका नव्या खेळालाही लागू पडतो.

हा नवा खेळ म्हणजे टेबलाभोवती बसून खेळला जाणारा भूमिका-खेळ, ज्याला सर्वत्र ‘टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम’ म्हणतात. त्यात चार-सहा खेळाडू एकेक पात्र घेतात आणि एक जण सूत्रधार होतो. सूत्रधार प्रसंग सांगतो, खेळाडू आपले पात्र काय करील ते सांगतात, आणि जिथे यश-अपयशाची खात्री नसते तिथे फासे टाकून निर्णय होतो. बहुतेक खेळांत प्रत्येक पात्राचा एक ‘वर्ग’ असतो, म्हणजे ते पात्र योद्धा आहे की मांत्रिक, हे आधीच ठरते आणि त्यानुसार त्याची बळे ठरतात. हे वर्ग बहुधा पराक्रमी माणसांचेच असतात. परंतु या खेळाच्या इतिहासात पराक्रमी नसलेल्या, पोटापाण्याच्या उद्योगात गुंतलेल्या माणसांचे वर्गही पुन्हा पुन्हा आले, आणि काही खेळाडूंनी तेच आवडीने निवडले. ही निवड मराठी माणसाला परकी वाटण्याचे कारण नाही, कारण तिचे एक जिवंत रूप नागपूर शहराच्या दक्षिण टोकाला, हुडकेश्वरच्या वस्त्यांत, दरवर्षी भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला दिसते.

हुडकेश्वर हे मुळात नागपूर ग्रामीण तालुक्यातील शेतीचे गाव. शहर दक्षिणेकडे सरकत मानेवाडा, म्हाळगीनगर ओलांडून पिपळा-बेसाच्या दिशेने वाढले, तसतसे इथल्या काळ्या जमिनीचे तुकडे पडून त्यांचे निवासी भूखंड झाले, ज्यांना नागपुरी बोलीत ‘ले-आउट’ म्हणतात, आणि २०१३ मध्ये हुडकेश्वर व नरसाळा हा भाग नागपूर महानगरपालिकेच्या हद्दीत आला. ज्या जमिनीवर वखर फिरत होता तिथे आज सिमेंटचे रस्ते आहेत. तरीही पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी याच रस्त्यांवरून मुले दोरी धरून लाकडी बैल ओढत नेतात. हा तान्हा पोळा होय. विदर्भाबाहेरच्या वाचकाला तो फारसा परिचित नसतो, म्हणून त्याचे स्वरूप थोडे तपशिलाने सांगणे आवश्यक आहे.

मोठा पोळा श्रावण अमावस्येला, म्हणजे पिठोरी अमावस्येला येतो. आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना लोणी-हळद लावून शेकतात, ज्या खांद्यांवर वर्षभर जू असते त्यांची ती शुश्रूषा. विदर्भात तिला खांदशेकणी म्हणतात. दुसऱ्या दिवशी बैलांना धुऊन, शिंगे रंगवून, पाठीवर झूल चढवून, गळ्यात घुंगरमाळा बांधून गावाच्या तोरणाखाली रांगेने उभे केले जाते, झडत्या म्हणजे पोळ्याची सवाल-जबाबासारखी लोककवने म्हटली जातात, आणि मानाची जोडी पुढे गेली की ‘पोळा फुटतो’. त्यानंतर बैल घरोघरी नेले जातात, घरच्या बाया त्यांना ओवाळतात आणि बैल घेऊन आलेल्याच्या हातावर काहीतरी ठेवतात. या ओवाळणीला विदर्भात ‘बोजारा’ असा खास शब्द आहे.

तान्हा पोळा ही या सगळ्या विधीची मुलांनी केलेली पुनरावृत्ती आहे. सुताराने घडवलेला लाकडाचा बैल एका फळीवर उभा असतो, फळीला चार चाके असतात आणि पुढे ओढायची दोरी असते. खऱ्या बैलासारखीच त्याची शिंगे रंगवलेली असतात, पाठीवर कापडाची छोटी झूल असते, गळ्यात माळ असते. मूल धोतर, बंडी आणि डोक्याला टोपी किंवा फेटा अशा वेषात असते, आणि कधी त्याच्या हातात तुतारी असते. तुतारी म्हणजे इथे वाजवायचे वाद्य नव्हे, बैल हाकण्याच्या काठीलाही विदर्भात तोच शब्द आहे. ही मुले देवळापुढे किंवा ले-आउटच्या मोकळ्या मैदानात तोरणाखाली रांग लावतात, सर्वांत चांगला सजवलेला बैल आणि सर्वांत चांगली वेशभूषा यांना बक्षिसे दिली जातात, आणि मग ती दारोदार जाऊन बोजारा गोळा करतात. हल्ली वेशभूषेत कृष्ण, शिवाजी महाराज, सैनिक अशी रूपेही दिसतात. परंतु दोरीला बांधलेला बैल मुलाला पुन्हा शेतकऱ्याच्या जागी आणून उभा करतो, कारण बैलामागे चालणाऱ्याचे मूळ रूप तेच आहे.

या प्रथेचा आरंभ नागपूरकर भोसल्यांच्या घराण्यातील दुसरे रघुजी राजे यांनी १८०६ मध्ये केला, असे परंपरेने सांगितले जाते. दुसऱ्या रघुजींची कारकीर्द १७८८ ते १८१६ अशी असल्याने हे वर्ष त्यांच्या काळात बसते. बैलांविषयीची आस्था मुलांच्या मनात रुजावी हा त्यामागचा हेतू सांगितला जातो, आणि भोसल्यांच्या वाड्यातील मोठ्या लाकडी बैलाचा पोळा ही नागपूरच्या महाल भागाची आजही ओळख आहे. या सांगण्यातील लक्षणीय गोष्ट अशी की, सत्ताधारी राजाने मुलांसाठी जो खेळ नेमला त्यात राजाची भूमिका नाही, सेनापतीची नाही, घोडाही नाही. त्यात बैल आहे आणि बैलामागून चालणारा कुणबी आहे. १८५३ मध्ये तिसरे रघुजी निपुत्रिक वारले आणि डलहौसीच्या धोरणाप्रमाणे नागपूरचे राज्य खालसा झाले. राज्य गेले, दरबार गेला, परंतु राजाने मुलांना दिलेले शेतकऱ्याचे सोंग दोन शतकांनंतर ज्या गावांत शेती उरली नाही तिथेही उरले आहे.

मुलांच्या खेळात सामान्य माणसाची भूमिका ही अर्थातच एकट्या तान्ह्या पोळ्याची मिरास नाही. भातुकली हा महाराष्ट्रभर खेळला जाणारा खेळ संपूर्णपणे अशाच भूमिकांवर उभा आहे. त्यात कोणी आई होते, कोणी पाहुणा होतो, चिमुकल्या चुलीवर खोटा स्वयंपाक होतो, बाहुला-बाहुलीच्या लग्नात मानपानावरून रुसवे-फुगवेही होतात. विदर्भातील भुलाबाईच्या गाण्यांत मुली सासरी नांदणाऱ्या सुनेचे बोल बोलतात आणि न पाहिलेल्या सासरची तालीम करतात. या खेळांत जिंकणे-हरणे नाही. जे आयुष्य पुढे वाट्याला येणार आहे किंवा शेजारच्या घरात चालले आहे ते अंगावर घालून पाहणे, एवढाच त्यांचा व्यापार आहे.

मोठ्या माणसांच्या जगात ही रीत सर्वांत समर्थपणे वापरली ती पैठणच्या संत एकनाथांनी. एकनाथांचा काळ १५३३ ते १५९९ असा मानला जातो. भारूड हा रचनाप्रकार त्यांच्या आधीही होता, परंतु त्यांच्या हाती तो इतका फुलला की भारूड म्हटले की एकनाथांचेच नाव येते. भारुडाची रीत अशी की, रचनेतील बोलणारा हा कवी नसून एखादे पात्र असते, आणि ते पात्र आपल्या धंद्याच्या, आपल्या व्यंगाच्या किंवा आपल्या संसाराच्या भाषेत बोलत राहते. त्या बोलण्याचा वरचा अर्थ लौकिक असतो आणि आतला अर्थ परमार्थाचा. नाथांच्या भारुडांत वासुदेव, गोंधळी, जोगी, जोशी, वाघ्या, भुत्या, गारुडी, दरवेशी आहेत. कोल्हाटीण आहे, सासुरवाशीण आहे. आंधळा, मुका, बहिरा आहे. या पात्रांच्या यादीत गावाच्या वेशीवर राहणारी, भिक्षेवर जगणारी आणि रोज दारात दिसूनही ज्यांच्याकडे कोणी पाहत नाही अशी माणसे अधिक आहेत. सोंगी भारुडात तर ही पात्रे प्रत्यक्ष उभी राहतात. कीर्तनाच्या मध्येच एक जण फाटके लुगडे गुंडाळून किंवा झोळी खांद्याला लावून येतो आणि श्रोत्यांशी थेट बोलू लागतो.

नाथांच्या या निवडीचे कारण केवळ लोकरंजन म्हणता येत नाही. उपदेश राजाच्या तोंडी घातला असता तर तो आज्ञा वाटला असता, ऋषीच्या तोंडी घातला असता तर शास्त्र वाटला असता. कोल्हाटिणीच्या तोंडी घातल्यावर तो ऐकणाऱ्याच्या बरोबरीचा झाला. त्याचबरोबर दोरीवरून चालणारीला तोल कसा राखावा लागतो, जोशाला घरोघर काय सांगावे लागते, गारुड्याला साप कसा धरावा लागतो, हे धंद्याचे बारकावे काव्यात येण्यासाठी कवीला त्या माणसांकडे लक्षपूर्वक पाहावे लागले. सामान्याचे सोंग घेण्याची ही पहिली अट आहे. योद्ध्याचे सोंग ऐकीव गोष्टींवर भागते. शेजारच्या माणसाचे सोंग घ्यायचे तर त्या माणसाकडे आधी नीट पाहावे लागते.

या ठिकाणी एक कठोर वस्तुस्थितीही नोंदवणे भाग आहे. ज्या समाजात नाथांनी ही सोंगे रचली त्या समाजात माणसाची भूमिका जन्माने ठरत असे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात बलुतेदारीची व्यवस्था तपशिलाने वर्णिली आहे. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, गुरव, चांभार, मांग, महार इत्यादी बलुतेदार गावाची ठरलेली कामे करीत आणि त्याबद्दल पिकाचा ठरलेला वाटा घेत. प्रत्येकाचे काम, मान आणि अपमानही पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला होता. नाथांच्या ‘जोहार’ प्रकारच्या भारुडांत गावचा महार आपला हिशेब मांडतो. ब्राह्मण कवीने सोळाव्या शतकात ही भूमिका घेतली याचे मोल मोठे आहे. परंतु कीर्तन संपल्यावर सोंग घेणारा घरी जात असे, आणि ज्याचे ते सोंग होते त्या माणसाला मात्र दुसऱ्या दिवशी पुन्हा वेशीबाहेरूनच जोहार घालावा लागे.

ही जन्मदत्त भूमिका टाकून देण्याच्या लढ्यात नागपूर परिसराचा वाटा असाधारण आहे. ‘जोहार’ या अभिवादनाची जागा पुढे ‘जयभीम’ या अभिवादनाने घेतली आणि ते रूढ करण्याचे श्रेय नागपूरजवळच्या कामठीचे बाबू हरदास एल. एन. यांना दिले जाते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माचा स्वीकार केला. तो सोहळा जिथे झाला ती दीक्षाभूमी हुडकेश्वरपासून काही किलोमीटरच्याच अंतरावर आहे. खेळातील भूमिका आणि समाजाने लादलेली भूमिका यांतील फरक समजून घेण्यासाठी याहून स्पष्ट घटना दाखवता येणार नाही. खेळातील भूमिका स्वखुशीने घेतली जाते आणि हवी तेव्हा उतरवता येते, म्हणूनच ती खेळ असते. जी उतरवता येत नाही तिला सोंग म्हणणे हा ती जगणाऱ्याचा अपमान आहे. सामान्य माणसाची भूमिका खेळणाऱ्याने हे भान सोडता कामा नये.

मराठी रंगभूमीच्या आरंभीच नायकाचे आणि सामान्याचे हे दोन मार्ग वेगळे झालेले दिसतात. १८४३ मध्ये सांगलीला विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवर’ सादर केले. त्यात सूत्रधार होता, देव होते, राक्षस होते. त्यानंतर बारा वर्षांनी, १८५५ मध्ये, जोतीराव फुले यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले, ज्याच्या केंद्रस्थानी जोशाकडून नागवला जाणारा अडाणी कुणबी आणि त्याची गरोदर बायको आहेत. नाटकाच्या शेवटी हे जोडपे शस्त्र उचलत नाही, शिकायचे ठरवते. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाटक स्वीकारले नाही. पूर्व विदर्भात याच सुमाराला आणि पुढेही खडी गंमत हा प्रकार गावोगाव रंगत राहिला. उभ्याने सादर होणाऱ्या या लोकनाट्यात शाहीर, नाच्या आणि सोंगाड्या हे मुख्य कलावंत असतात, साथीला डफ, ढोलकी, तुणतुणे असते, आणि हे कलावंत बहुधा शेतकरी-शेतमजूरच असल्याने दिवसा जे आयुष्य ते जगत तेच रात्री सोंगाड्याच्या तोंडून बोलत.

टेबलावरच्या भूमिका-खेळाची जन्मकथा या पार्श्वभूमीवर वाचली तर ती अनपेक्षितपणे ओळखीची वाटते. या खेळाचे पूर्वज युद्धाचे खेळ होत. प्रशियात रायस्विट्झ पिता-पुत्रांनी सैनिकी अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी ‘क्रीगस्पील’, म्हणजे युद्धखेळ, तयार केला. पित्याने तो १८१२ मध्ये राजाला दाखवला आणि पुत्राने १८२४ मध्ये त्याचे नियम छापले. त्यात खेळाडू सेनापती असे आणि सैन्य म्हणजे नकाशावरचे ठोकळे. दीडशे वर्षे हीच चौकट टिकली. १९६९ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात डेव्हिड वेस्ली या तरुणाने ती मोडली. त्याने नेपोलियनच्या काळातील ‘ब्राउनस्टाइन’ हे एक काल्पनिक प्रशियन गाव कल्पिले, दोन फौजा त्या गावावर चालून येत आहेत अशी योजना केली, आणि जमलेल्या खेळाडूंपैकी काहींना सेनापती न करता गावातलीच माणसे केले. कोणी नगराध्यक्ष झाला, कोणी सावकारी पेढीचा मालक, कोणी विद्यापीठाचा कुलपती. प्रत्येकाला आपले हेतू दिलेले होते. खेळाडू कोपऱ्यात जाऊन एकमेकांशी मसलती करू लागले, नियमांत नसलेल्या गोष्टी करू म्हणू लागले, आणि फौजा येण्याआधीच खेळ हातातून निसटला. वेस्लीला तो फसला असे वाटले. खेळाडूंनी मात्र पुन्हा तसाच खेळ मागितला. म्हणजे आज ज्याला भूमिका-खेळ म्हणतात त्याची पहिली ठिणगी तलवारीतून पडलेली नाही. ती एका गावच्या नागरिकांच्या रोजच्या स्वार्थांतून आणि भीतीतून पडली.

वेस्लीच्या खेळात भाग घेणाऱ्या डेव्ह आर्नेसनने ही रीत ब्लॅकमूर या काल्पनिक प्रदेशात नेली, आणि पुढे गॅरी गायगॅक्सच्या साथीने १९७४ मध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. त्यात सुरुवातीला तीनच पात्रवर्ग होते: लढवय्या, मांत्रिक आणि धर्मोपासक. पात्र जसजसे अनुभव मिळवील तसतशी त्याची ‘पातळी’ वाढे, आणि प्रत्येक पातळीला एक नाव होते. लढवय्याच्या चौथ्या पातळीचे नाव ‘हीरो’ असे होते. या नियमाचा अर्थ महत्त्वाचा आहे. खेळाडू पहिल्या दिवशी वीर नसे, वीरपण त्याला मिळवावे लागे. पहिल्या पातळीचे पात्र तलवारीच्या एकदोन घावांत मरू शके. पुढच्या काळात मात्र या खेळाच्या नव्या आवृत्त्यांत पात्रांचे बळ वाढत गेले आणि ती आरंभापासूनच वीर वाटू लागली.

मग गावातली बाकीची माणसे कुठे गेली? २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत सूत्रधाराच्या ग्रंथात पाच वेगळे वर्ग दिले होते, जे खेळाडूंसाठी नसून सूत्रधाराने वापरायच्या पात्रांसाठी होते. त्यांत सर्वांत खालचा वर्ग ‘सामान्य जन’ हा होता. या वर्गाचा प्राण चार बाजूंच्या फाशाने मोजला जाई, जो त्या खेळातील सर्वांत लहान फासा, आणि त्याला एकच साधे शस्त्र चालवता येई. नियमांच्या भाषेत हा वर्ग म्हणजे उणिवांची यादी होती. तरीही काही खेळाडूंनी मुद्दाम हाच वर्ग घेऊन खेळून पाहिले, आणि त्यांच्या अनुभवाला पुष्टी देणारे खेळ त्याआधी आणि त्यानंतरही निघाले.

१९८१ मध्ये सँडी पीटरसन यांनी रचलेल्या ‘कॉल ऑफ थुलू’ या भयकथांच्या खेळात पात्रे प्राध्यापक, पत्रकार, डॉक्टर, ग्रंथपाल अशी असतात आणि प्रसंग वाढत जातील तसे त्यांचे मनःस्वास्थ्य घटत जाते. १९८६ मध्ये इंग्लंडात निघालेल्या ‘वॉरहॅमर फँटसी रोलप्ले’ या खेळात वर्गाची जागा ‘पेशा’ने घेतली, आणि पहिला पेशा फाशाने ठरे. एखाद्याच्या वाट्याला उंदीर पकडणाऱ्याचा पेशा आला तर त्याच्या सामानात सापळे, मेलेले उंदीर लटकवलेली काठी आणि एक छोटा पण चावरा कुत्रा असे. सगळी सोंगे आणता येतात पण पैशाचे सोंग आणता येत नाही, ही मराठी म्हण या खेळात अक्षरशः लागू होते, कारण पात्राच्या गाठीला किती नाणी आहेत हे नियमाने ठरलेले असते आणि त्याच्या पुढच्या सगळ्या हालचाली त्या नाण्यांनी बांधलेल्या असतात. २०१२ मधील ‘डन्जन क्रॉल क्लासिक्स’ या खेळात प्रत्येक खेळाडूला शून्य पातळीची अनेक पात्रे मिळतात. शेतकरी, थडगी खणणारा अशी ही माणसे हातातल्या कामाच्या अवजारांनिशी संकटात शिरतात, बहुतेक मरतात, आणि जो वाचतो तोच पुढे योद्धा किंवा मांत्रिक होतो.

या सर्वांत मराठी वाचकाला सर्वांत जवळचा वाटेल असा खेळ जपानचा आहे. अत्सुहिरो ओकादा यांच्या २००७ मधील ‘र्यूतामा’ या खेळात प्रवासाला निघालेल्या साध्या माणसांच्या गोष्टी घडतात, आणि त्यात शेतकरी हा खेळाडूने निवडायचा पूर्ण वर्ग आहे. या शेतकऱ्याची कौशल्ये तीन: काटकपणा, जनावर बाळगणे आणि जोडधंदा. रोजच्या वाटचालीत भूभाग आणि हवामान यांच्याशी फासे टाकून झुंजावे लागते. पाऊस हा इथे राक्षसाइतकाच मोठा प्रतिपक्ष असतो. कापूस, तूर, सोयाबीन आणि संत्र्याच्या प्रदेशात राहणाऱ्या वाचकाला या नियमांचे स्पष्टीकरण देण्याची गरज नाही. मृगाच्या भरवशावर पेरणी करणे, पाऊस लांबला की दुबार पेरणीला पैसे उभे करणे, बैलाच्या पायाला इजा झाली तर शेजाऱ्याची जोडी मागून आणणे, या प्रत्येक गोष्टीत यश अनिश्चित असते आणि निर्णयाचे ओझे खरे असते. भूमिका-खेळाला ज्या दोन गोष्टी लागतात, म्हणजे अनिश्चितता आणि निवड, त्या दोन्ही शेतकऱ्याच्या एका हंगामात काठोकाठ भरलेल्या आहेत.

अशा पात्रांकडे खेळाडू का वळतात, याचे उत्तर आता देता येते. ज्याच्याजवळ बळ थोडे आहे त्याला दुसऱ्यावर विसंबावे लागते, म्हणून अशा खेळात शेजार, उसनवारी, विनवणी आणि युक्ती यांना महत्त्व येते. ज्याचा प्राण एका घावात जाऊ शकतो त्याचे धाडस लहान असले तरी खरे असते. शंभर घाव सोसणाऱ्या वीराने राक्षसापुढे उभे राहण्यापेक्षा चार बाजूंच्या फाशाएवढा जीव असलेल्या माणसाने पेटलेल्या गोठ्यात शिरणे अधिक मोठे ठरते. आणि ज्याचे पात्र एखादा धंदा करते त्याला त्या धंद्याचे शब्द शिकावे लागतात. नाथांना कोल्हाटिणीचे शब्द शिकावे लागले, उंदीर पकडणाऱ्याची भूमिका करणाऱ्याला सापळ्याचे शब्द शिकावे लागतात, आणि तान्ह्या पोळ्यातील मुलाला जू, शिवळ, वेसण, कासरा हे शब्द यावे लागतात, निदान यायला हवेत.

शेवटच्या मुद्द्यावर चिंतेचे कारण आहे. हुडकेश्वरसारख्या वस्तीत लाकडी बैल ओढणाऱ्या अनेक मुलांनी औताला जुंपलेली खरी जोडी जवळून पाहिलेली नसते, कारण गावातली शेती आटली आहे आणि जिथे ती उरली आहे तिथेही ट्रॅक्टर आला आहे. वेष टिकला, बैल टिकला, बोजाराही टिकला; परंतु त्या वेषातल्या माणसाला जे माहीत होते ते वेषाबरोबर मुलाच्या हाती येत नाही. सोंगातले ज्ञान गळाले की सोंगाचा केवळ पोशाख उरतो, आणि पोशाखाला बक्षीस मिळत असले तरी त्यातून काही कळत नाही.

हे टाळण्याचे उपाय अवघड नाहीत. ज्यांनी या जमिनीवर स्वतः वखर, डवरा, तिफन चालवली अशी वडीलधारी माणसे हुडकेश्वर, नरसाळा, पिपळा या परिसरांत आजही आहेत. तान्ह्या पोळ्याच्या मैदानात बक्षीस देण्याआधी मुलाला बैलाच्या साजाची पाच नावे विचारावीत, आणि ती सांगण्यासाठी या माणसांना मानाने बोलवावे. मराठीत भूमिका-खेळ रचू पाहणाऱ्या तरुणांनी परक्या किल्ल्यांतील योद्ध्यांची नक्कल करण्याआधी भारुडातील पात्रांची यादी आणि गावगाड्यातील अवजारांची यादी समोर ठेवावी, जन्माने लादलेल्या भूमिकेचा इतिहास न विसरता त्यातून निवडीची भूमिका घडवावी, आणि फासा टाकण्याआधी आभाळाकडे पाहणारा शेतकरी हा त्यांच्या खेळातील पूर्ण पात्रवर्ग करावा. राजाच्या आज्ञेने सुरू झाल्याचे सांगितले जाणारे हे सोंग राजाशिवाय पावणेदोनशे वर्षे चालले आहे. ते पुढे चालण्यासाठी आता आज्ञेची गरज नाही. बैलाची दोरी मुलाच्या हाती देणाऱ्याने त्या दोरीचे नाव कासरा आहे एवढे त्याला सांगितले पाहिजे.